होमस्कूलिंगसाठी नाव कुठे नोंदवायचे?

मुलीला चौथीनंतर शाळेतून काढून घरीच शिकवायचे आम्ही ठरवले, तेव्हापासून ओळखीपाळखीचे पालक हटकून विचारतात की त्यासाठी नाव कुठे नोंदवायचे, परवानगी कोणाची लागते आणि फॉर्म कुठे मिळतो. महाराष्ट्रात असा फॉर्म नाही, परवानगी देणारा अधिकारी नाही आणि शिक्षण विभागाकडे होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांची वेगळी नोंदवहीही नाही. त्यामुळे पालकाच्या वाट्याला येणारे काम नोंदणीचे नसते. मूल उद्या शाळेत, परीक्षेला किंवा कॉलेजात जायचे म्हणाले, तर कागदावाचून अडू नये याची तजवीक आजपासून करणे, एवढेच ते काम असते आणि ते वाटते त्याहून मोठे आहे.

आधी कायद्याचे पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे आपल्या पाल्याला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. एवढे वाचून पुष्कळांचा धीर सुटतो. परंतु हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा करण्याची तरतूद त्याच कायद्यात कुठेही नाही. दंडाची तरतूद आहे ती देणग्या उकळणाऱ्या आणि मान्यतेशिवाय चालणाऱ्या शाळांसाठी. दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय निघाला तेव्हा 2012 मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिले होते, त्याचा आशय असा की जे पालक स्वेच्छेने घरी शिकवण्याचा मार्ग निवडतात त्यांनी तो चालू ठेवावा, हा कायदा त्यांच्या आड येत नाही. प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. आज आपण ज्या मोकळीकीत वावरतो ती कायद्याने दिलेली नसून कायद्याच्या मौनातून मिळालेली आहे.

या मौनाला एक काठ आहे, तो अनेकांच्या लक्षात येत नाही. चार-पाच कुटुंबांनी एकत्र येऊन एका घरी मुले बसवली, शिक्षक नेमले, फी ठरवली आणि वेळापत्रक लावले, तर ते घर पाहणाऱ्याला विनामान्यता शाळेसारखे दिसू लागते. तशी शाळा चालवणाऱ्याला कलम 18 खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यानंतरही ती चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. एकमेकांच्या मुलांना गणित शिकवणे निराळे आणि संस्था थाटणे निराळे. हा फरक स्वतःच्या मनाशी स्पष्ट असलेला बरा.

खरी कसोटी लागते ती शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. आमच्या शाळेच्या कार्यालयातील कारकुनांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, पुढच्या शाळेचं मागणीपत्र आणा, त्याशिवाय दाखला देता येत नाही.’’ पुढची शाळाच नाही, हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘मग ऑनलाइन हिला पाठवू कुठे?’’ त्यांचा प्रश्न आडमुठेपणाचा नव्हता. मुलांची नोंद आता यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत असते. एका शाळेने सोडलेले मूल दुसऱ्या शाळेने ओढून घेईपर्यंत ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये राहते आणि अशी मुले शिल्लक दिसली की विचारणा शाळेकडे होते. आम्ही साधा लेखी अर्ज दिला, त्यात मुलीचे शिक्षण यापुढे घरी होईल आणि त्याची जबाबदारी आई-वडिलांची आहे असे लिहिले, अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला आणि मुख्याध्यापिका बाईंना भेटलो. बाईंनी समजून घेतले. दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात अखेर उमटले ते ‘पालकांच्या विनंतीवरून’. होमस्कूलिंग असे तिथे लिहून मिळावे, असा हट्ट धरण्यात काही हशील नाही.

तो दाखला हातात पडल्यावर कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वीच वाचून घ्यावा, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते. मुलाचे, वडिलांचे व आईचे नाव, आडनाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) क्रमांक हे सगळे जन्मदाखल्याशी आणि आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. मूल पटावर असेतो वेलांटीची चूक दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते. नाव कमी झाल्यावर तीच दुरुस्ती डोकेदुखी ठरते. शिवाय पुढे जातीच्या किंवा अधिवासाच्या दाखल्यासाठी हाच कागद मागितला जातो. ज्या मुलाने शाळेचे तोंडच पाहिलेले नाही, त्याच्या बाबतीत जन्मदाखल्यावर सगळी भिस्त असते. म्हणूनच पहिली तीन-चार वर्षे तरी शाळेत नाव असणे सोयीचे, असे माझे मत झाले आहे, मग शाळेबद्दल आपले विचार काहीही असोत.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारी येतात, त्याची काही जण उगाच धास्ती घेतात. ते सर्वेक्षण वीटभट्टीवर, उसाच्या फडात आणि सिग्नलवर हरवलेल्या मुलांसाठी आहे आणि ते काटेकोरपणे व्हायलाच हवे. आपण दार उघडावे, मुलाच्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि अर्जाची शिक्का असलेली प्रत दाखवावी. खोटी शाळा सांगू नये. ‘बालभारती’ची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती घरात असली आणि मूल त्यातले चार धडे सांगू शकले, की संभाषण सहसा सौम्य होते.

आता परीक्षांचे. आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा कोणत्याच मुलाला द्यावी लागत नाही, त्यामुळे घाई नसते. तरीही मध्ये एखादे प्रमाणपत्र हवे असेल, तर राज्य मंडळाच्या मुक्त विद्यालयाची सोय आहे. 2017 च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या या योजनेत पाचवी, आठवी आणि दहावी अशा पातळ्या आहेत, पाचवीसाठी 10 आणि आठवीसाठी 13 वर्षे वय पूर्ण असावे लागते. राज्य मंडळाची नेहमीची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची, तर ती 17 नंबरचा फॉर्म भरून; तिथे पुन्हा शाळा सोडल्याचा दाखला पुढे येतोच.

होमस्कूलिंग करणारी बहुतेक कुटुंबे ज्याकडे वळतात ते म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ही केंद्र सरकारची संस्था 1989 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झाली. वयाची 14 वर्षे पूर्ण झाली की दहावीला प्रवेश मिळतो आणि आठवीचे प्रमाणपत्र नसले, तरी हा अभ्यासक्रम पेलण्याइतका अभ्यास झाला आहे असे स्वयंघोषणापत्र चालते. विषय पाच, त्यांत किमान एक भाषा. नोंदणी पाच वर्षे टिकते, सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि पाचही विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. चित्रकला किंवा गृहविज्ञान हे गणिताच्या बरोबरीने घेता येतात, ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. मात्र अभ्यासाचे लेखी गृहकार्य मुदतीत द्यावे लागते आणि विज्ञानाचे प्रात्यक्षिक अभ्यास केंद्रावर करावे लागते, म्हणून केंद्र निवडताना अंतर पाहण्याआधी तिथे प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे का, हे डोळ्यांनी पाहून यावे.

परतीची वाट बंद होत नाही, हेही आजी-आजोबांना सांगावे लागते. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करून घेणे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देणे कलम 4 मध्ये आहे. पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत हे विनासायास होते. खासगी शाळा जागा नसल्याचे सांगू शकते.

इंग्लंडमध्ये मूल शाळेत असेल, तर पालकाने घरी शिकवणार असल्याचे लेखी कळवल्यावर शाळा पटावरून नाव कमी करते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत दरवर्षी सूचनापत्र द्यावे लागते, तर जर्मनीत घरच्या शिक्षणाला जवळजवळ मज्जावच आहे. आपल्याकडे परवाना पद्धत यावी असे मला मुळीच वाटत नाही, कारण परवाना आला की तपासणी आणि तिच्या पाठोपाठ खेटे येतात. पण केवळ सूचना देण्याची, पोच मिळण्याची आणि यू-डायसमध्ये ‘घरी शिक्षण’ असा एक पर्याय असण्याची सोय झाली, तर आमच्यासारख्या पालकांचा संकोच जाईल आणि त्या कारकुनांनाही मुलीला कुठे पाठवायचे ते कळेल.