प्रथिन वाचले, संदेश मात्र उमटला नाही

ऑक्सिजन कमी पडलेली पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन बाहेर सोडते आणि त्या इशाऱ्यावर जवळच्या रक्तवाहिनीला नवा फाटा फुटतो. व्हीईजीएफच्या जनुकाला जागे करते ते एचआयएफ-१-अल्फा हे दुसरे प्रथिन, जे पेशी अखंड तयार करते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर तितक्याच तत्परतेने मोडूनही टाकते. ही मोडतोड किती वेगाने होते, हे प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थिनीला प्रत्यक्ष दाखवावे, एवढाच त्या दिवसाचा हेतू होता.

पेशींच्या डिश काही तास १ टक्का ऑक्सिजन असलेल्या बंद पेटीत ठेवल्या होत्या. पहिल्या डिशमधील पेशी आम्ही त्या बंद पेटीतच, हातमोज्यांतून हात घालून, विरघळवल्या, कारण पेटीपासून टेबलापर्यंत येण्याच्या वेळातही निकाल बदलतो. बाकीच्या डिश बाहेरच्या हवेत आणून ठरलेल्या मिनिटांना विरघळवल्या. एका डिशमध्ये मात्र प्रोटिएसोमचे, म्हणजे प्रथिने मोडणाऱ्या पेशीतील यंत्राचे, काम थांबवणारे एमजी-१३२ हे रसायन आधीच घातलेले होते.

एखादे प्रथिन किती आहे हे पट्ट्याच्या गडदपणातून दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटचे चित्र पडद्यावर उमटले, तेव्हा शून्य मिनिटाचा पट्टा ठसठशीत होता, पाच मिनिटांचा बराच फिकट आणि वीस मिनिटांच्या जागी जवळजवळ काहीच नव्हते. खालचे ॲक्टिनचे, म्हणजे तुलनेसाठी मोजलेल्या नेहमीच्या प्रथिनाचे, पट्टे मात्र सर्वत्र सारखे होते. हे कितीही वेळा वाचलेले असले, तरी डोळ्यांसमोर घडताना मी आजही थक्क होते. ऑक्सिजन मिळताच प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे विकर त्याच ऑक्सिजनचा अणू वापरून एचआयएफच्या ४०२ आणि ५६४ या क्रमांकांच्या प्रोलीन या अमिनो आम्लांवर खूण करते; ती खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखते, युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी जोडली जाते आणि प्रोटिएसोम त्या प्रथिनाचे तुकडे करतो. ऑक्सिजन हा या विकराचा कच्चा मालच असल्यामुळे तो संपला की खूणही थांबते. पेशीला वेगळा मोजमापक लागतच नाही, ही मला या साऱ्या यंत्रणेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. हा शोध लावणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

एमजी-१३२ च्या रांगेत पट्टा तसाच गडद होता आणि त्याच्या वर युबिक्विटिन जोडलेल्या रेणूंचा धूसर पट्टा पसरला होता. ते पाहून विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, म्हणजे प्रोटिएसोम बंद केला की रक्तवाहिन्या वाढतील?"

उत्तर देण्याऐवजी आम्ही याच प्रयोगासाठी वेगळ्या ठेवलेल्या डिशमधील आरएनए मोजला. कमी ऑक्सिजनमधील पेशींत व्हीईजीएफचा संदेश, म्हणजे त्याच्या जनुकावरून उतरलेला आरएनए, स्पष्ट वाढलेला होता. साध्या हवेत एमजी-१३२ दिलेल्या पेशींत एचआयएफ भरपूर साचूनही तो फारसा हलला नव्हता. उलट साध्या हवेतच डीएमओजी हे दुसरे रसायन दिलेल्या पेशींत तो चांगलाच चढला होता. या फरकामागे एफआयएच नावाचे दुसरे विकर आहे. तेही ऑक्सिजन वापरते, पण खूण करते ८०३ क्रमांकाच्या ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लावर. ती खूण झाली की पी-३०० हे सहकारी प्रथिन एचआयएफला जोडले जात नाही आणि जनुक वाचण्याचे काम अडते. डीएमओजी दोन्ही विकरांना रोखते; एमजी-१३२ फक्त मोडतोड थांबवते, शिवाय एचआयएफच्या पी-३०० ला जोडणाऱ्या कार्यकारी टोकाची क्षमताही दाबते.

विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न अधिक नेमका होता: व्हीएचएल जनुक जन्मतः सदोष असलेल्या रुग्णांत एफआयएच शाबूत असते, मग त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत आणि मेरुरज्जूत रक्तवाहिन्यांच्या गाठी का होतात? याचे बरेचसे उत्तर एचआयएफ-२-अल्फा या भावंड प्रथिनात आहे. व्हीएचएल नसेल तर तेही साचते, आणि एफआयएचचा लगाम त्याच्यावर तुलनेने सैल असतो. व्हीएचएलशी निगडित गाठींसाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेल्झुटिफान हे औषध नेमके त्यालाच धरते आणि जोडीदार प्रथिनाशी त्याची जोडी जमू देत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही व्हीएचएल नसलेल्या मूत्रपिंड-कर्करोगाच्या पेशी वाढवायला ठेवल्या आणि पुढच्या ब्लॉटसाठी दोन्ही अल्फा ओळखणारी प्रतिपिंडे बाजूला काढली. प्रत्येक प्रयोगात पट्ट्याबरोबर संदेशही मोजायचा, असे विद्यार्थिनीने वहीत स्वतःहूनच लिहिले होते.