पाटी आणि कागद

परवा सोलापूरजवळच्या कुंभारीला गेले होते, गोदूताई परुळेकर वसाहतीत. आमच्या जुन्या शेजारच्या अक्का तिथं राहतात, पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोलीतून तिकडं गेल्या त्याला कितीतरी वर्षं झाली. वसाहतीची गोष्ट सोलापूरकरांना सांगायला नको, विडी वळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून २००६ मध्ये दहा हजार घरं मिळवली, प्रत्येकीनं पदरचे २० हजार भरले (हजार विड्या वळल्यावर हातात काय पडतं ते बघितलंय मी, म्हणून हा आकडा मला लहान वाटत नाही).

अक्का अजून मांडीवर सूप घेऊन विड्या वळतच बसलेल्या. घर त्यांच्या नावावर, पण दारावर पाटी नवऱ्याची, आणि ते जाऊन चार वर्षं झाली, आता मुलाच्या नावाची करायला टाकलीय म्हणे. मी म्हटलं अक्का तुमचं नाव लावा की. तर हसल्या, "मला कुठं पत्रं येतात गं."

मला लेक्चर द्यायची जाम इच्छा झाली होती पण गप्प बसले, कारण माझं काय? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क, देशभर २००५ ला आला, महाराष्ट्रात तर त्याच्या अकरा वर्षं आधी, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता, हे सगळं पाठ आहे मला, ८ मार्चला कॉलेजात भाषण ठोकलंय. आणि अण्णा गेल्यावर भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं तर पाच मिनिटांत सही करून मोकळी. जबरदस्ती कुणीच केली नाही हो. आई फक्त म्हणाली, माहेर तुटायला नको. वहिनीनं साडी नेसवली, छान होती.

चळवळीनं काय केलं असं विचारणाऱ्यांचा मला रागच येतो, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस चौकीत बलात्कार झाला, त्या प्रकरणात बायका रस्त्यावर उतरल्या नसत्या तर १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला असता का? महापालिकेत निम्म्या जागा बायकांना मिळाल्यात. आता नगरसेविकेला फोन लावला की तिचे मिस्टर उचलतात ते सोडा. पण "माहेर तुटायला नको" यावर कुठला मोर्चा काढायचा, ते मला कळत नाही.

निघताना विचारलंच, मुलगा घर नावावर करून मागत नाही का? अक्कांचा हात पहिल्यांदा थांबला.

"मागतो की. मोर्च्याला मी गेलते, हा तेव्हा चड्डीत होता. पाटी लावू दे. कागद माझ्या ट्रंकेत आहे, किल्ली हितं," म्हणत कंबरेला हात लावला.

येताना बसमध्ये आठवत बसले, त्या हक्कसोडपत्राची झेरॉक्स तरी मी घेतली होती का.