प्लॅस्टिकच्या खालचे थेंब

लाकडी फ्लोअरिंग बसवण्याआधी ओल तपासायला बेसमेंटच्या जमिनीवर चिकटवलेला प्लॅस्टिकचा तुकडा आज सकाळी सोलून काढला, तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला बारीक थेंब जमलेले होते आणि तेवढ्याच चौकोनातले काँक्रीट काळपट दिसत होते.

"न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात दमटपणा असायचाच, एक डीह्युमिडिफायर लावा," असे कंत्राटदाराने सांगितले होते. पण हवेतला दमटपणा गार फरशीवर धरतो तेव्हा थेंब प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला येतात. खालून येणारे पाणी मात्र जमिनीतून काँक्रीटमध्ये चढलेले असते, आणि त्यावर नुसते हवा कोरडी करणारे ते यंत्र पुरे पडत नाही.

त्याहून अधिक मनाला लागले ते आईचे बोलणे. साताऱ्याहून येऊन तिला जेमतेम आठवडा झाला आहे. कोपऱ्यातल्या भिंतीवरची पांढरी भुकटी, जी मी दोन वर्षे जुन्या रंगाचे पोपडे समजत होतो, ती तिने नखाने खरवडली आणि म्हणाली, "अरे, हा तर लोणा! आपल्या वाड्याच्या भिंतीला लागायचा, तोच." भिंतीतून झिरपणारे पाणी क्षार विरघळवून आणते आणि स्वतः उडून जाते, क्षार तेवढे मागे उरतात.

बाहेर जाऊन पाहिले, तर पन्हाळीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात पायाशी रिकामा होत होता. पहिल्या १० फुटांत निदान ६ इंच उतार घरापासून दूर जाणारा हवा. आमची माती घराकडेच कलली आहे.

लाकडी फ्लोअरिंगची खोकी मात्र गॅरेजमध्ये येऊन पडली आहेत. पन्हाळ आणि उतार दुरुस्त केल्यावर तुम्ही किती पाऊस जाऊ देऊन पुन्हा तपासणी केली होती?