तुम्ही विचारलंत म्हणून: पॅरिस सोडून खेड्यांत काय पाहिलेत?

फ्रान्सला जाऊन आलो असे सांगितले की आयफेल टॉवरची चौकशी होते, आणि पॅरिसमध्ये आम्ही जेमतेम मुक्काम करून नैऋत्येकडच्या पेरिगोर भागात निघून गेलो असे म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मुलांना आणि आईंना घेऊन तिकडच्या खेड्यांत काय पाहिलेत? तिथे गावाची आखणीच इतिहास सांगते आणि तो पाहायला तिकीट लागत नाही, हे माझे उत्तर.

उदाहरणार्थ मोंपाझिए. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा अ‍ॅक्विटेनचा, म्हणजे नैऋत्य फ्रान्समधल्या या प्रांताचा, ड्यूकही होता आणि त्या नात्याने 1284 मध्ये त्याने हे गाव वसवले. काटकोनात छेदणारे रस्ते, घरांसाठी आखून दिलेले सारखे भूखंड, मध्यभागी कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेला चौक आणि चौकाच्या एका बाजूला लाकडी छपराचा बाजारकट्टा, अशी ही रचना आजही जवळपास तशीच आहे. वसायला येणाऱ्यांना काही सवलती द्यायच्या, आठवडी बाजार भरवायचा आणि त्यातून कर मिळवायचा, असा हा रोकडा व्यवहार होता. त्यामुळे गावाचे केंद्र चर्च नसून बाजार आहे. बाजारकट्ट्यात धान्य मोजायची जुनी मापे अजून जागेवर आहेत. आमच्या आईंनी ती पाहताच ‘ही तर पायली!’ असे जाहीर केले आणि त्यांच्यापुरता फ्रान्स परका राहिला नाही. मुलांना मात्र दोन घरांमधल्या, आडवे होऊनच शिरता येईल अशा अरुंद फटींचे वेड लागले. आग एका घरातून दुसऱ्या घरात पसरू नये आणि सांडपाणी वाहून जावे म्हणून त्या मुद्दाम सोडलेल्या असत.

तिथून गाडीने तासाभराच्या आत असलेले डोम हे गाव फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने 1281 मध्ये, म्हणजे तीनच वर्षे आधी, दोर्दोन्य नदीवरच्या उंच कड्यावर वसवले. दोन प्रतिस्पर्धी राजे एकाच प्रदेशात गावांची चढाओढ करत होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा एका दिवसात दोन्ही गावे पाहिली की चटकन उमगते. पुढे शंभर वर्षांच्या युद्धात याच नदीच्या दोन काठांवर फ्रेंचांकडचा बेनाक आणि इंग्रजांकडचा कास्तेलनो हे किल्ले एकमेकांवर नजर ठेवून होते. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला त्यांच्या उंचीचे फारसे कौतुक वाटणार नाही, पण कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धसामग्रीचे संग्रहालय आहे आणि तिथल्या दगड भिरकावणाऱ्या अवाढव्य लाकडी यंत्रांपासून मुलांना हलवणे कठीण जाते.

मुक्कामाला आम्ही सार्ला निवडले. 1962 च्या वारसा संरक्षण कायद्याखाली ज्या शहरांचे जुने भाग सर्वांत आधी दुरुस्त झाले त्यांत सार्ला आहे, म्हणूनच पिवळसर दगडाची घरे आणि चुनखडीच्या जाड फरशांची उतरती छपरे तिथे सलग पाहायला मिळतात. ते कधीकधी फारच नीटनेटके, नाटकाच्या नेपथ्यासारखे वाटते, हेही कबूल केले पाहिजे. बुधवारी आणि शनिवारी बाजार भरला की तो भास जातो. सेंट मारी या जुन्या चर्चमध्ये आता बंदिस्त बाजार भरतो. वास्तुविशारद जाँ नूव्हेल यांनी त्याला बसवलेले पोलादी दरवाजे इतके प्रचंड आहेत की त्यांच्यापुढे भाजीची पिशवी घेऊन उभे राहिल्यावर आपण उगाचच ओशाळतो.

शाकाहारी मंडळींचा प्रश्न वेगळा येतो. हा बदकांचा मुलूख आहे, आणि सार्लाची प्रसिद्ध बटाट्याची भाजी दिसायला निरुपद्रवी असली तरी ती बदकाच्या चरबीत परततात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे. अक्रोड, शेळीच्या दुधाचे छोटे चकतीसारखे चीज आणि पाव यांवर आईंचे उत्तम भागले.

पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान रेल्वे दोन तासांच्या आसपास पोचवते आणि तिथून सार्लाला साधी गाडी जाते. आजूबाजूच्या गावांसाठी मात्र भाड्याची मोटार लागतेच, आणि गिअर बदलायची सवय नसेल तर ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार होते. मुलांच्या शाळेचे जुळत असेल तर जूनचा पहिला पंधरवडा धरावा.