चौकशीला वेळ द्यावा लागतो

एका महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर बाह्य सदस्य म्हणून जाऊ लागल्यापासून ‘एकदाचे काय ते लवकर मिटवा’ हे वाक्य मी वारंवार ऐकत आले आहे. संस्थेला नावाची काळजी असते आणि पालकांना मुलीच्या लग्नाची. त्यातून आपले गोवा राज्य एवढे लहान की तक्रार करणारी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि समितीवरचे कोणी ना कोणी वाड्याच्या नाहीतर देवस्थानच्या ओळखीने जोडलेले निघतातच. मला मात्र ही घाई शेवटी त्या मुलीच्याच मुळावर येते असे वाटते.

याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका शिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या, चौकशी झाली, त्याला बडतर्फ करण्यात आले आणि उच्च न्यायालयानेही ती कारवाई कायम ठेवली. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण समितीने बैठकांमागून बैठका उरकताना त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. तक्रारी खोट्या ठरल्या नाहीत. चौकशी पुन्हा करा, असे सांगण्यात आले. चौदा वर्षांनी! त्या मुलींनी तोवर किती वाट पाहिली असेल, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी चौकशीला ९० दिवस दिले आहेत आणि नीट वापरले तर ते पुरतात. कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्यांना समितीवर बसता येत नाही आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्यावे लागतात, हे अनेक प्राध्यापकांनाही ठाऊक नसते. खरी पडझड होते ती कागदावर. ‘गैरवर्तन झाल्याचे तक्रारदाराने सांगितले’ एवढ्या एका ओळीत संपलेले इतिवृत्त मी पाहिले आहे. कोणत्या जिन्यावर, किती वाजता, नंतर मोबाईलवर कोणता संदेश आला, यातले त्यात काहीच नव्हते. मुलगी कोकणीत बोलत असेल तर जबाब कोकणीतच उतरवावा, तिला वाचून दाखवावा, प्रत्येक पानावर तिची सही घ्यावी आणि समोरच्याचे प्रश्न लेखी मागवून समितीने ते विचारावेत, म्हणजे दोघांना समोरासमोर बसवावे लागत नाही. ‘तू त्याच्याबरोबर गेलीसच कशाला?’ हा प्रश्न मात्र अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवायला हवा.

बलात्कारासारखा गुन्हा घडला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एकेक तास मोलाचा असतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. शक्य तर अंघोळ न करता, अंगावरचे कपडे प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत घेऊन, बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. उपचार मोफत देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. त्यासाठी आधी पोलीस तक्रार लागत नाही. ती करायची असेल तर घटना कुठल्याही हद्दीतली असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. अकरावी-बारावीची मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो आणि ‘आपापसात बघू’ म्हणून गप्प बसणारा शिक्षक स्वतःच गुन्हेगार ठरतो.

प्रतिबंधासाठी वर्षारंभी जे व्याख्यान ठेवतात, त्यावर माझी फारशी भिस्त नाही. प्रात्यक्षिक संपेपर्यंत शेवटची कदंब बस निघून गेली आणि मुलीला कोणाच्या तरी दुचाकीवर बसावे लागले, याचा विचार वेळापत्रक करणाऱ्याने केला तर अधिक उपयोग होईल. अंतर्गत गुण एकाच शिक्षकाच्या मुठीत असले की मुली तोंड उघडत नाहीत, हेही मी जवळून पाहते. तक्रार प्रलंबित असताना त्या शिक्षकाला तिच्या मूल्यमापनापासून दूर ठेवण्याची तरतूद नियमांतच आहे. ती मागायची कोणी, यावर अडत असल्याने आमच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय आता मी आधीच घालून ठेवते.