बुडत्या जहाजावरचे दोन-तीन सेकंद

जॅक आणि रोझला थोडा वेळ बाजूला ठेवा. १९९७ च्या ‘टायटॅनिक’मध्ये जहाज कलू लागल्यावर कॅमेरा मधूनच भलत्याच माणसांवर जातो, दोन-तीन सेकंद थांबतो आणि पुढे सरकतो. त्या सेकंदांवर लोक वाट्टेल तेवढ्या कथा रचतात. त्यातल्या बऱ्याच पडद्यावर नसतातच.

असा क्षण वाचायचा तर आधी आवाज बंद करा. ‘निअरर, माय गॉड, टू दी’ या ख्रिस्ती भक्तिगीताची धून सुरू झाली की तिच्याखाली येणारं प्रत्येक दृश्य सारखंच उदात्त वाटू लागतं, मग माणूस घाबरलेला असो की नुसता थकलेला. आवाज बंद केला की हात दिसतात. आधी कोण कुणाकडे पाहतं, समोरचा नजर परत देतो का, आणि कट नेमका कुठे पडतो, एवढं टिपा. सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे दोन सेकंदांच्या शॉटमध्ये ४८. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलात तरी पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या फेरीत आवाज लावा आणि आधीचा नि नंतरचा शॉटही धरा. अर्थ बहुतेक वेळा त्या जोडांमध्येच असतो.

जहाजावरच्या वादकांचंच घ्या. एक जण कुरकुरतो की आपलं कुणी ऐकतच नाहीये. त्यांचा म्होरक्या हार्टली म्हणतो, जेवणाच्या वेळी तरी कुठे ऐकतात! हा विनोद लोक धैर्याच्या खात्यात टाकतात. मला तो रोजच्या नोकरीतला वाटतो: श्रोत्यांनी दुर्लक्ष करायचं, आपण वाजवायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आणि म्हणूनच पुढचा क्षण वजनदार होतो. निरोप घेऊन सगळे निघतात, हार्टली एकटाच व्हायोलिन खांद्याला लावतो, आणि बाकीचे परत येतात. का परतलात, असं कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही. संवादाची एक ओळ घातली असती तर सगळं फुकट गेलं असतं. (इतिहासात शेवटची धून कोणती, यावर वाद आहे. वायरलेस ऑपरेटर हॅरोल्ड ब्राइडने ‘ऑटम’ असं सांगितलं होतं. आठही वादक मात्र बुडून मेले.)

त्याच धुनीखाली पलंगावर बिलगून पडलेलं वृद्ध जोडपं येतं. इथे घोळ होतो. ते न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ दुकानाचे मालक इसिडोर स्ट्राउस आणि त्यांची पत्नी आयडा, हे आपल्याला बाहेरून कळतं. त्या शॉटमध्ये त्यांचं नाव कुणी घेत नाही. आयडाने जीवरक्षक बोटीत बसायला दिलेला नकार चित्रित झाला होता, पण तो प्रसंग अंतिम चित्रपटातून वगळला. शिवाय खरे स्ट्राउस शेवटचे दिसले ते डेकवर. आयडाने आपला फरकोट मोलकरणीला दिला होता, अशी नोंद आहे. हे सगळं माहीत असावं, पण शॉटमध्ये कोंबू नये. शॉटमध्ये आहे ते एवढंच: खालून पाणी येतंय आणि दोघांपैकी कुणीही उठत नाही. ते कोण आहेत हे न कळणं हीच त्या शॉटची ताकद, असं माझं मत. वगळलेला प्रसंग ठेवला असता तर ते ‘प्रसिद्ध जोडपं’ झालं असतं.

जहाजावरचा अधिकारी मर्डॉक याचा सॅल्यूट मात्र खरोखर अवघड आहे. प्रवाशावर गोळी झाडल्यावर तो वरिष्ठ अधिकारी वाइल्डकडे पाहून सॅल्यूट करतो आणि स्वतःला संपवतो. काहींना त्यात माफी दिसते. मला ती ड्यूटी सोपवणं वाटतं, कारण त्याआधी रोझचा होणारा नवरा कॅल याने बोटीतल्या जागेसाठी दिलेले पैसे मर्डॉकने त्याच्याच तोंडावर फेकलेले आहेत. आपण ज्या पदावर आहोत त्याचा हिशेब तो शेवटपर्यंत ठेवतोय. पण हा निष्कर्ष पडद्यावरच्या मर्डॉकपुरताच. प्रत्यक्षात त्याने असं केल्याचं सिद्ध झालेलं नाही. १९९८ मध्ये स्टुडिओच्या प्रतिनिधीने त्याच्या गावी, स्कॉटलंडमधल्या डालबीटीला जाऊन खेद व्यक्त केला आणि तिथल्या शाळेला ५,००० पौंड दिले. पात्र आणि माणूस एकच धरला की अशी किंमत मोजावी लागते.

सगळ्यात कमी बोललं जातं ते जहाजाच्या बेकरबद्दल. उभ्या झालेल्या मागच्या टोकावर, रोझच्या शेजारी, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस कठड्याला धरून आहे आणि बाटलीतून घोट घेतोय. श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे जॉफिन. खरा जॉफिन वाचला आणि ब्रिटिश चौकशीत साक्षही दिली. पण रोझला यातलं काही ठाऊक नाही. ती त्याच्याकडे पाहते, तो तिच्याकडे पाहतो. धीर देणं नाही, ओळख नाही. दोन अनोळखी माणसं एकाच कठड्याला लटकलेली. आवाज बंद करून पाहिलंत तर कळेल, त्या नजरेत काहीही ‘सांगितलेलं’ नाही. तिथे कथा रचायचा मोह आवरा. पुढच्याच कटला जहाज खाली जायला लागतं.