ताहो सरोवर: लहान लेक ट्राउटसाठी जड सामान वापरताना

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा यांच्या सीमेवरच्या ताहो सरोवरावर दोन दिवस मासेमारीला गेलो होतो. होडी नेव्हाडाच्या बाजूला, केव्ह रॉकपाशी पाण्यात उतरवली. कॅलिफोर्निया किंवा नेव्हाडा, कोणत्याही एका राज्याचा मासेमारीचा परवाना या सरोवरात चालतो. मात्र मोटारीची होडी आधी तपासून घ्यावी लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

येथील लेक ट्राउटला स्थानिक लोक मॅकिनॉ म्हणतात. हा मासा मूळचा इथला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इथे आणून सोडला गेला. त्याला थंड पाणी लागते आणि उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट झाले, की तो खोल जातो. आम्हाला तो 45 ते 60 मीटरवर मिळाला. ताहोची कमाल खोली सुमारे 500 मीटर असल्याने हे अंतर फार वाटत नाही, पण ताशी दोन किलोमीटरने चालणाऱ्या होडीमागे आमिष तेवढ्या खाली टिकवणे सोपे नाही, कारण पाण्याचा विरोध दोर मागे आणि वर ढकलत राहतो.

म्हणूनच आम्ही जाड रॉड, 30 पौंडी (म्हणजे 30 पौंडांचा ताण सोसणारा) विणलेला दोर आणि आमिष खाली नेण्यासाठी दोराला लावायचे अर्धा किलो शिसे घेतले. मासा लहान आहे हे ठाऊक असूनही एवढे सामान कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे: ते माशासाठी नसून शिशासाठी असते. नाजूक रॉड अर्ध्या किलोनेच पूर्ण वाकतो आणि मग गळाला काय लागले, हे कळायला त्यात जागाच उरत नाही.

जाड रॉडचा तोटा मात्र पहिल्याच सकाळी कळला. वीस मिनिटे काही हालचाल नाही म्हणून दोर गुंडाळला, तर टोकाला जेमतेम दीड वितीचा मासा होता. तोंड उघडे, कल्ले फाकलेले, शरीर सैल. तो कधी लागला हे आम्हाला कळलेच नव्हते आणि आम्ही त्याला मेलेल्या अवस्थेत ओढत होतो. दिवसाला माणशी दोनच मॅकिनॉ ठेवता येत असल्याने तो आम्ही हिशेबात धरला, पण तो असा जायला नको होता, ही खंत दिवसभर राहिली.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. शिशापासून आमिषापर्यंतचा दोर 10 पौंडी आणि दोन मीटर लांब ठेवला. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोर किती ताणावर सुटावा हे ठरवणारा ब्रेक, इतका सैल केला, की शिशाचे ओझे जेमतेम पेलले जावे आणि त्यावर थोडाही झटका बसला तरी दोर सरकावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाने नजर सतत रॉडच्या टोकावर ठेवली. शिसे ओढताना ते टोक एका ठेक्यात डोलते. लहान मासा लागला तर मोठा हिसका बसत नाही, फक्त तो ठेका बिघडतो. तसे दिसताच दोर गुंडाळावा, आणि काहीच दिसले नाही तरी दर दहा मिनिटांनी एकदा पाहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी पाच मासे लागले आणि पाचही जिवंत वर आले.

ज्यांच्या होडीवर डाउनरिगर (आमिष वजनाने खोल नेणारे साधन) आहे, त्यांनी जड रॉड घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे वजन वेगळ्या तारेवर असते, त्यामुळे मध्यम रॉड पुरतो. फक्त त्या तारेला दोर धरून ठेवणारी क्लिप अगदी हलकी लावावी, नाहीतर लहान माशाला ती सोडवता येत नाही आणि आमची पहिल्या सकाळची चूक पुन्हा घडते.

मासा वर येताना त्याच्याआधी पाण्यावर बुडबुडे फुटतात. लेक ट्राउट वर येताना पोटात फुगणारी हवा तोंडावाटे सोडू शकतो, त्यामुळे एवढ्या खोलीवरूनही तो सहसा सुखरूप परत जातो. तरीही वरच्या कोमट पाण्यात त्याला रेंगाळू देऊ नये, हात ओले करून धरावे आणि डोके खाली करून लगेच सोडावे. आम्ही सोडलेल्या शेवटच्या माशाच्या परांची पांढरी कड क्षणभर हिरव्या पाण्यात चमकली आणि तो सरळ खाली गेला. दुपारी वारा वाढून लाटा उसळू लागतात, म्हणून आम्ही अकरालाच किनाऱ्याकडे वळलो.